रोल नंबर एकशे सतरा

हासिंता आन्सा आधी जमिनीवरून हात फिरवते.
सकाळचे सहा, वाळवंट अजून गारठलेलं.
डोळ्याला जे सपाट वाटतं ते तळहाताला वाटत नाही म्हणते,
आणि मसुरीच्या दाण्याएवढा खडा वेचून
एप्रनच्या खिशात टाकते.
संध्याकाळपर्यंत खिसा जड होतो.
घरी जाताना कुंपणाबाहेर उलटा करते.

मग अंतोफागास्ताच्या बंदरावरून ट्रक येतात,
काळे रोल घेऊन.
एकेक दीड टनाचा.
उलगडला तर तिच्या गावातल्या चिंचोळ्या रस्त्याच्या
या टोकापासून चर्चच्या पायरीपर्यंत जाईल.
तांब्याच्या ढिगाखाली हे अंथरायचं,
वरून आम्ल ठिबकत राहणार वर्षानुवर्षं,
आणि खाली, खूप खाली, अंधारात
तेच पाणी, ज्याच्यावर तिच्या भावाचे
मक्याचे चार वाफे तगून आहेत.

नव्या पोराला, एलिसेओला, ती हे सांगत नाही.
सांगते ते असं:
साखळी लावायची नाही. पट्टा लाव, रुंद, दोन जागी.
ओढायचा नाही. उभा तर करायचाच नाही.
थर तीनच. चौथा चढवलास तर तळच्याचं पोट चेपतं,
आणि पोट चेपलेला रोल उलगडताना
रुसलेल्या जावयासारखा मध्येच अडून बसतो.
पाचर दोन्ही बाजूंनी, दुपारचा वारा भरवशाचा नाही.
चिठ्ठी बाहेरच्या अंगाला, वाचता येईल अशी.
ज्याचा नंबर पुसला तो रोल अनाथ,
त्याला कुणी विचारत नाही, आणि तो कशाला पुरेल ते सांगता येत नाही.

प्लास्टिकला काय होतंय, एलिसेओ म्हणतो.
ती त्याला पहारेकऱ्याच्या खोपटाकडे नेते.
दारात एक खुर्ची, कधीकाळी निळी.
हासिंता अंगठा दाबते.
खुर्चीचा हात पापडासारखा मोडतो.
आता झाकायला घे, म्हणते.

दुसऱ्या शेडमध्ये मात्र आवाज खाली आणायचा.
तिथे बेंटोनाइटच्या चटया,
दोन कापडांमध्ये शिवलेली कोरडी माती,
लाकडी फळ्यांवर, प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलेली.
ह्या मातीला आयुष्यात एकदाच पाणी प्यायचंय.
जमिनीत गेल्यावर, अंगावर वजन आल्यावर.
तेव्हा ती फुगेल आणि एक थेंब खाली जाऊ देणार नाही.
आधी प्यायली तर
नुसता चिखल.

फेब्रुवारीत, बोलिव्हियाच्या बाजूने,
सहा वर्षांनी
रात्री पाऊस आला.
एलिसेओ एकटाच पाळीवर होता.
ताडपत्र्या, दोऱ्या, वाळूच्या पिशव्या,
धावला बिचारा, दोनदा पडला,
एक पत्रा उडाला तो गुडघ्याने दाबून बसला तासभर.
पण एकशे सतराच्या वेष्टनाला एक चीर होती.
फोर्कलिफ्टच्या दाताची, बोटभर,
मंगळवारची.
त्याला माहीत होती.
बुधवारी सांगू म्हणाला होता स्वतःला,
मग गुरुवारी.

सकाळी हासिंता आली.
एकशे सतरा एका बाजूने सुजला होता,
दाढ दुखणाऱ्या माणसाच्या गालासारखा.
तिने बोटाने दाबून पाहिलं. बोट आत गेलं.
ओरडेल म्हणून तो थांबला.
ती ओरडली नाही. वही उघडली, पेन त्याच्या हातात दिलं.
तारीख, म्हणाली. नंबर. कारण.
तिसऱ्या रकान्यापाशी पेन बराच वेळ हवेत राहिलं.
मग त्याने चीर लिहिली. मग वार लिहिला.
मग, कुणी सांगितलं नसताना,
स्वतःचं नाव.

लाल रंगाची फुली मारून रोल बाजूला काढला.

दुसऱ्या दिवशी सहाला
जमिनीवर दोन माणसं ओणवी होती.
तो मन लावून खडे वेचत होता, जाकिटाच्या खिशात टाकत होता,
आणि मागून येणाऱ्या हासिंताला
तेच खडे पुन्हा सापडत होते.
तिसऱ्या वेळी तिने त्याला थांबवलं,
खिशात हात घातला,
दोन बोटं खालून बाहेर काढून दाखवली.

काढ ते, म्हणाली,
आणि टपालाच्या डब्यातून सुई-दोरा आणायला गेली.